उचलताना गाडी थरथरते? पाना नंतर उचला!

क्लच प्लेट बदलली, फाउंडेशन बदललं, क्रॉस बदलला. पैसे गेले, थरथर तिथंच! पार्टचे पैसे आपण मुकाट देतो, पण दोष शोधणाऱ्या डोक्याचे पैसे द्यायची वेळ आली की हात आखडतो. ही सवय पिकअप चालवणाऱ्या पोरांना महागात पडते आणि गॅरेजमधल्या पोरांनाही.

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, कोकणातला आंबा. शेतातून मार्केटपर्यंत हा माल कोण पोचवतं? पिकअप. गावाकडं ज्या पोरांनी नोकरीची वाट न बघता धंदा सुरू केला, त्यातल्या अनेकांच्या धंद्याचं वर्णन दोन शब्दांत होतं, ‘गाडी घेतली’. गाडी म्हणजे पिकअप आणि घेतली म्हणजे कर्जावर. हप्त्याची तारीख ठरलेली. भाडं मात्र मिळालं तर मिळालं. अशा पोरासाठी गाडी एक दिवस गॅरेजला उभी राहणं म्हणजे त्या दिवसाचं भाडं गेलं, वर गॅरेजचं बिल आलं.

आता या पोरांपैकी कुणालाही विचारा, ‘गाडी काय त्रास देते का रे?’ एक उत्तर हमखास ऐकू येतं. ‘बाकी काय नाय, फक्त उचलताना थरथरते.’

म्हणजे काय, तर गाडी उभी आहे. पहिला गिअर टाकला, क्लच सोडत ॲक्सिलरेटर दिला, की सीटखालून थरथर सुरू. आरसा हलतो, डॅशबोर्ड वाजतो, हौद्यातले क्रेट खडखडतात. गाडीनं वीस-पंचवीसचा वेग पकडला की सगळं शांत. हायवेला तर गाडी एकदम मस्त पळते. पण टोलनाक्यावर थांबून पुन्हा निघालं की परत तेच.

मग गॅरेज. मिस्त्री विचारतात, ‘काय होतंय?’ आपण म्हणतो, ‘व्हायब्रेट मारते.’ मिस्त्री म्हणतात, ‘क्लच गेला असंल.’ गिअरबॉक्स उतरतो, क्लच सेट बदलतो. चार दिवस बरं वाटतं, कारण नवा क्लच मऊ असतो आणि पैसे दिलेत म्हटल्यावर आपल्यालाही बरं वाटून घ्यायचं असतं. पाचव्या दिवशी गाडी भरली की थरथर हजर. पुन्हा गॅरेज. ‘मग फाउंडेशन असंल.’ ते बदलतं. ‘मग क्रॉस असंल.’ तोही बदलतो.

या ‘असंल’वर माझा आक्षेप आहे. गाडीत काय बिघडलंय हे गाडी बऱ्यापैकी स्पष्ट सांगत असते. आपण ऐकायच्या आधी पाना उचलतो.

थरथर नेमकी कधी?

डॉक्टर आधी विचारतात ना, दुखतं कधी? जेवल्यावर की उपाशी? चालताना की झोपल्यावर? गाडीचंही तसंच आहे. ‘व्हायब्रेट मारते’ ही तक्रार झाली, माहिती नव्हे. माहिती मिळवायला चार प्रश्न पुरतात आणि त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही.

पहिला प्रश्न. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, नुसता ॲक्सिलरेटर दिला तर थरथरते का? थरथरत असेल तर शाफ्ट, क्रॉस, हाऊसिंग यांचा विचार आधी बाजूला ठेवा, कारण ते फिरतच नाहीयेत. इंजिन मिसिंग करतंय का, इंजिनाचं फाउंडेशन बसलंय का, हे बघा.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थरथर क्लच सोडतानाच होते की क्लच पूर्ण सोडल्यावरही चालू राहते? पाय पेडलवरून पूर्ण काढला आणि थरथर तिथल्या तिथं थांबली, तर संशय क्लचवर. क्लच अर्धवट धरलेला असताना प्लेट घसरत घसरत पकडते. प्लेटवर ऑइल आलं असेल, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग पडले असतील, प्रेशर प्लेट सगळीकडं सारखी दाबत नसेल, तर ती पकडते-सोडते, पकडते-सोडते. तीच थरथर. भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवर धरून ठेवायची सवय असेल तर हे डाग लवकर पडतात. पण क्लच पूर्ण सोडला, गाडी पहिल्याच गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर दाबला आणि तरी थरथर चालू आहे, तर नवा क्लच टाकून ती जाण्याची शक्यता फार कमी. क्लच आता घट्ट पकडून बसलाय, तो थरथरेल कसा? म्हणजे या एका प्रश्नानं गिअरबॉक्स उतरवायचा खर्च वाचू शकतो.

तिसरा प्रश्न. रिकामी असताना होते की भरल्यावर? की उलट, भरल्यावर शांत आणि रिकामी असताना थरथर? हे का विचारायचं, ते पुढं बघू.

चौथा प्रश्न. त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला तर थरथर जाते का? आणि पुन्हा दाबला की येते का? येत असेल तर दोष नुसता फिरण्याशी नाही, जोराशी जोडलेला आहे. चाकाचा बॅलन्स बिघडला असता तर ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, ठरावीक वेगाला, बहुतेक वेळा बऱ्याच वरच्या वेगाला, गाडी हललीच असती.

रिव्हर्समध्येही हे करून बघा. रिव्हर्सला जोराची दिशा उलटते. एका दिशेला थरथर आणि दुसऱ्या दिशेला शांत असेल, तर कुठलं तरी रबर किंवा पाटा एकाच बाजूला दाद देतोय असं समजायला जागा आहे.

शाफ्टचं गणित

पिकअपचं इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं. मधलं अंतर तोडतो तो प्रोपेलर शाफ्ट. गाडी लांब असेल तर शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये चासीला लटकलेलं सेंटर बेअरिंग असतं, रबराच्या कड्यात बसवलेलं. शाफ्टच्या सांध्यांवर क्रॉस असतात, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. कारण मागचा ॲक्सल पाट्यांवर खाली-वर होतो आणि शाफ्टला तिरकं होत होत फिरावं लागतं.

या जॉइंटची एक खोड आहे. तो तिरका असताना अलीकडची बाजू एकसारख्या वेगानं फिरली तरी पलीकडची बाजू तशी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढं धावते आणि दोनदा मागं रेंगाळते. कोन १० अंश असेल तर हा फरक दोन्हीकडं साधारण दीड टक्का, २० अंश असेल तर सहा टक्के. म्हणजे कोन दुप्पट झाला की हेलकावा चौपट! हे काही आजचं गूढ नाही. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी या सांध्याचा अभ्यास केला होता. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन तरुणानं १९०३ मध्ये मोटारीसाठीच्या युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारींची चाकं ओढायला साखळ्या असायच्या. म्हणजे ही खोड आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही शंभर वर्षांहून जुने.

उपाय असा की शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जॉइंट बसवायचा, तोही तेवढ्याच कोनात. पहिला जेव्हा पुढं धावतो तेव्हा दुसरा मागं ओढतो आणि हिशेब शून्यावर येतो. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. यातली एक अट मोडली की थरथर सुरू.

आता प्रश्न असा की ती उचलतानाच का? कारण पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ शाफ्टवर जाताना काही पटींनी वाढतो. तो पीळ मागच्या चाकांना पुढं ढकलतो आणि त्याच वेळी अख्ख्या ॲक्सलला उलट फिरवायला बघतो. हाऊसिंगचं नाक वर उचललं जातं. पाटे त्याला धरून ठेवतात, पण पाटे दमलेले असतील, यू-बोल्ट सैल असतील, तर नाक जास्त उचलतं. तिकडं इंजिन फाउंडेशनवर कलतं आणि सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर शाफ्टचा मधला भाग उड्या मारतो. सगळे कोन बिघडतात, तेही नेमके गाडी जोर लावते तेव्हा. वेग आला, गिअर बदलला, पीळ उतरला की सगळं जागेवर येतं आणि थरथर गायब.

तिसरा प्रश्न आपण का विचारला ते आता कळेल. जास्त माल बसावा म्हणून पाटे वाढवणं आपल्याकडं सर्रास चालतं. पाटे वाढवले की रिकामी गाडी मागून उंच उभी राहते आणि कंपनीनं ठरवलेला कोन तिथंच बिघडतो. अशी गाडी रिकामी असताना थरथरते आणि भरली की शांत होते. उलट पाटे बसलेल्या गाडीवर वाट्टेल तेवढा माल टाकला की कोन दुसऱ्या बाजूनं बिघडतो. दोन्ही वेळा क्रॉस नवा टाकून काय होणार? क्रॉसची चूकच नसते. चुकीच्या कोनात फिरून फिरून तोही लवकर झिजतो आणि मग ‘आजकाल पार्टच डुप्लिकेट येतात’ म्हणून आपण दुकानदाराला शिव्या घालतो.

आणखी एक घोळ गॅरेजमध्येच जन्माला येतो. दुसऱ्याच कामासाठी शाफ्ट उतरवला आणि चढवताना खाचांमध्ये एक-दोन दाते इकडं-तिकडं बसवला, तर काट्यांची रेषा चुकते. आधी नसलेली थरथर त्या दिवसापासून सुरू होते. म्हणून शाफ्ट उतरवायच्या आधी खडूनं किंवा रंगानं दोन्ही भागांवर आरपार खूण करायची. पाच सेकंदांचं काम आहे. जो मिस्त्री ही खूण करतो त्याच्याकडं डोळे मिटून गाडी द्यावी असं माझं मत आहे.

मोबाइल आहे ना खिशात?

‘शोरूमला नेऊ, तिथं लॅपटॉप लावतात,’ असं बऱ्याच जणांना वाटतं. लॅपटॉप म्हणजे स्कॅनर. इंजिनाच्या सेन्सरकडून येणारी माहिती तो छान वाचतो. पण सेंटर बेअरिंगच्या रबराला सेन्सर नसतो. क्रॉस सुकला म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. अशा दोषाला स्कॅनर ‘सगळं ओके’ म्हणतो आणि आपण चक्रावतो.

त्यापेक्षा खिशातला मोबाइल कामाला येऊ शकतो. थरथर मोजणारा सेन्सर आजच्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो, स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्यामुळंच. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे. थरथर सेकंदाला किती वेळा होते, हे ते आलेखावर दाखवतं.

पण त्या आकड्याचं करायचं काय? साधा हिशेब आहे. पिकअपच्या चाकाचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर धरा. म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर पुढं जाते. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला अडीच फेरे. हाऊसिंगचा रेशो साधारण ४ धरला तर शाफ्टचे दहा फेरे. आणि जॉइंट एका फेऱ्यात दोनदा हेलकावतो, म्हणजे वीस.

आता बघा. ताशी २० ला आलेखाचं टोक अडीचच्या आसपास असेल तर चाक, टायर, ड्रम. दहाच्या आसपास असेल तर शाफ्टचा बॅलन्स किंवा शाफ्ट वाकलेला. वीसच्या आसपास असेल तर जॉइंटचे कोन किंवा काट्यांची रेषा. मोबाइल नसला तरी अंगाला फरक कळतो. अडीचवाला हेलकावा बोटांवर मोजता येतो, वीसवाली नुसती भुणभुण असते.

टोक इंजिनाकडून आलंय की शाफ्टकडून, अशी शंका असेल तर वेग तोच ठेवून गिअर बदला. वेग तोच म्हणजे शाफ्टचे फेरे तेवढेच, इंजिनाचे मात्र बदलले. टोक जागचं हललं नाही तर दोष गिअरबॉक्सच्या मागं. टोक सरकलं तर पुढं.

हे करताना मोकळा रस्ता बघा, जमल्यास हलका चढ असलेला, म्हणजे एकाच वेगाला जोर लागत राहील. मोबाइल सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधा आणि आलेख शेजारी बसलेल्यानं बघायचा. चालवणाऱ्यानं रस्ताच बघायचा. प्रत्येक गाडीचा टायर आणि रेशो वेगळा, तेव्हा आकडे आपल्या गाडीचे घालून हिशेब करा. ज्यांना शाळेत ‘या गणिताचा आयुष्यात काय उपयोग?’ असा प्रश्न पडला होता, त्यांनी आवर्जून करा!

आता खाली वाकून बघा

चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की मगच गाडीखाली. सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही आणि फिरत्या शाफ्टजवळ हात न्यायचा नाही. कपड्याचं टोक अडकलं तरी माणूस ओढला जातो.

– क्रॉस : शाफ्ट हातानं दोन्ही बाजूंना पिळून बघा. सांध्यात खेळ दिसला, वाट्यांभोवती लालसर गंजाची पूड दिसली, तर क्रॉस आतून सुकलाय. ग्रीस निप्पल असेल तर शेवटचं ग्रीस कधी मारलं होतं ते आठवा.

– सेंटर बेअरिंग : शाफ्ट तिथं वर-खाली हलवा. रबर थोडं दाद देणारच, पण फाटलेलं, सुटलेलं किंवा एका बाजूला बसलेलं रबर डोळ्यांना दिसतं.

– पाटे आणि यू-बोल्ट : पाटा तुटलाय का, एका बाजूचे पाटे जास्त बसलेत का, यू-बोल्टच्या नटाजवळ घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का?

– शाफ्ट : कुठं चेमटलाय का? बॅलन्ससाठी चिकटवलेली पट्टी उडाल्याची खूण आहे का? चिखलाचा गोळा चिकटलाय का? हसू नका, एका बाजूला वाळलेला चिखलही बॅलन्स बिघडवतो.

– फाउंडेशन : बॉनेट उघडा. एकानं ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. गाडीच्या पुढं-मागं कुणीही उभं राहायचं नाही.

एवढं करून दोष सापडेलच असं नाही. पण संशय सात-आठ पार्टवरून एक-दोनवर येतो, आणि त्यातला स्वस्त आणि सोपा आधी तपासता येतो.

डोक्याचे पैसे कोण देणार?

आता मूळ मुद्दा. हे सगळं मिस्त्रींना माहीत नसतं का? अनेकांना असतं. आयुष्य गाड्यांखाली घालवलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून सेंटर बेअरिंग ओळखता येतं. मग ते थेट क्लच का खोलतात?

कारण आपण त्यांना शोधायचे पैसे देत नाही. मिस्त्रींनी अर्धा तास गाडी फिरवली, खाली जाऊन बघितलं आणि सांगितलं, ‘चार यू-बोल्ट आवळले, झालं काम.’ आपण किती देतो? शंभरची नोट पुढं करतो, नाहीतर ‘थँक्यू मिस्त्री, पुढच्या वेळी बघू’ म्हणून स्टार्टर मारतो. तेच मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लच सेट बदलला, तर पार्टचं बिल, वर मजुरी, सगळं मुकाट देतो. कारण डोळ्यांसमोर खोका आला, जुना पार्ट पिशवीत मिळाला. काहीतरी ‘झालं’ असं वाटतं. मग गॅरेज जगतं कशावर? खोलण्या-बसवण्याच्या मजुरीवर आणि काही ठिकाणी पार्टवरच्या कमिशनवर. अचूक निदान करणाऱ्याचं नुकसान आणि अंदाजपंचे पार्ट बदलणाऱ्याचा फायदा, असा बाजार आपणच मांडलाय. त्यात फसवणारे मिस्त्री आहेत हे खरं. पण प्रामाणिक मिस्त्रीलाही आपण दुसरा रस्ता ठेवलेला नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गॅरेजच्या दरपत्रकात सगळ्यात वरची ओळ ‘तपासणी फी’ ही असली पाहिजे आणि गिऱ्हाईकानं ती घासाघीस न करता दिली पाहिजे. काम करून घ्या नाहीतर घेऊ नका, तपासलं म्हणजे पैसे. डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही, घरी जा’ म्हटलं तरी आपण फी देतोच ना?

यावर पहिला आक्षेप येईल, ‘इथं हप्ता भरायला पैसे नाहीत आणि तुम्ही आणखी एक फी सांगताय.’ आक्षेप खोटा नाही. गाडी घेतलेल्या पोराच्या खिशाला दर शंभर रुपये जाणवतात. पण हिशेब पूर्ण करू. चुकीचा क्लच बदलण्यात पार्टचे पैसे जातात, मजुरी जाते, दिवसाचं भाडं जातं आणि थरथर राहतेच. त्या थरथरीत क्रॉस पुढं झिजत राहतो. अगदी वाईट वेळ आली आणि क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर पडला, तर घाटात भरलेल्या गाडीचं काय होईल याचा विचार करा. अर्ध्या तासाची तपासणी यातल्या कशापेक्षाही स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप मिस्त्रींकडून येईल. ‘गिऱ्हाइकाला दम कुठं असतो? येतो तोच म्हणतो, संध्याकाळी गाडी पाहिजे.’ हेही खरं. त्याची जबाबदारी गाडीवाल्यानं घ्यावी. गॅरेजला जाताना ‘व्हायब्रेट मारते’ एवढंच घेऊन न जाता चार उत्तरं घेऊन जावं. ‘मिस्त्री, क्लच पूर्ण सोडल्यावर पण होतंय, पहिल्या-दुसऱ्यात होतंय, भरल्यावर जास्त होतंय, ॲक्सिलरेटर सोडला की जातंय.’ एवढ्या एका वाक्यानं मिस्त्रींची निम्मी फेरी वाचते. आणि समोरचा विचार करून आलाय हे कळल्यावर बोलणंही बदलतं. मग ‘हा पार्ट का बदलायचा?’ असं विचारलं तर राग येत नाही, उत्तर मिळतं.

शिकणाऱ्या पोरांसाठी

हे सगळं ज्यांनी मनावर घ्यावं असं वाटतं ते म्हणजे गॅरेजमध्ये हेल्परकी करणारी आणि आयटीआयला ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’चा दोन वर्षांचा ट्रेड करणारी पोरं. खोलणं-बसवणं यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ते हात बसला की कुणालाही येतं. दोष कसा शोधला, कुठला संशय आधी का काढून टाकला, हे सांगता येणं वेगळं. ते शिकवणारा उस्ताद भेटला तर सोडू नका. नाही भेटला तर स्वतः एक वही घाला. गाडी कोणती, तक्रार काय, कधी होते, काय तपासलं, शेवटी काय निघालं. वर्षभरात ती वही कुठल्याही सर्टिफिकेटइतकी कामाची होईल.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळं संपेल असं कुणी म्हणत असेल तर तेही अर्धंच खरं. क्लच जाईल, काही गाड्यांत लांब शाफ्टही नसेल. पण मोटारचा पीळ उभ्या जागेवरूनच पूर्ण मिळतो. म्हणजे उचलतानाचा ताण राहणारच. फाउंडेशनची रबरं, बेअरिंग, ॲक्सलचे सांधे, पाटे, सगळं तिथंच असणार आणि तिथंही कुणीतरी येऊन म्हणणारच, ‘उचलताना थरथरते.’ पार्ट बदलतील, पण ‘नेमकी कधी?’ हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला काम मिळत राहील.

तोवर गाडीवाल्यांनी एक करावं. पुढच्या खेपेला मिस्त्रींनी पार्ट न बदलता नुसता दोष शोधून दिला, तर ‘किती झाले?’ असं विचारा. आणि ते सांगतील तेवढे द्या.